वाढदिवसाला पाने किती मांडायची?

घरात कुणाचा वाढदिवस जवळ आला, की गृहिणीचा पहिला हिशोब असतो तो पानांचा. केक केवढा आणायचा, श्रीखंड की गुलाबजाम, हे सगळे नंतर. आधी येणार कोण आणि किती, हे ठरायला हवे. पुण्या-नागपुरात हा हिशोब अवघड जात नाही. आत्या, मामा, समोरच्या काकू, मुलाचे चार मित्र असे म्हणता म्हणता वीस माणसे होतात आणि मग एवढ्यांना बसवायचे कुठे, ही चिंता सुरू होते. पण नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या नोकरीमुळे माहेर-सासरपासून हजार-दीड हजार किलोमीटरवर संसार थाटावा लागला, तर? तिथे पहिल्या वर्षी पाने मोजायला घेतली की ती चारावर येऊन थांबतात. नवरा, बायको आणि दोन मुले.

चंदीगडमध्ये अशी मराठी घरे कमी नाहीत. शहराला लागूनच चंडीमंदिर येथे लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे, शहरात हवाई दलाचा तळ आहे, पीजीआयसारखी मोठी वैद्यकीय संस्था आहे आणि बँका, विमा कंपन्या तर आहेतच. बदलीचा हुकूम हातात पडतो आणि कऱ्हाडची किंवा अमरावतीची मुलगी एक दिवस सेक्टर ३२ मधल्या कुठल्याशा पहिल्या मजल्यावर डबे लावू लागते.

ज्यांनी हे शहर पाहिलेले नाही, त्यांना सेक्टर म्हणजे काय हे थोडे सांगायला हवे. ले कॉर्बुझिए या वास्तुशिल्पकाराने १९५१ पासून चंदीगडचा आराखडा तयार केला तो चौकटींचा. एकेक चौकट साधारण बाराशे मीटर लांब आणि आठशे मीटर रुंद. वेगाने धावणारी वाहने चौकटीच्या बाहेरून जाणार. आत घरे, शाळा, दुकाने आणि मधून जाणारा हिरवा पट्टा. मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत आणि बागेत जाता यावे, ही त्यामागची कल्पना. सेक्टर ३२ हा शहराच्या दुसऱ्या टप्प्यातला, म्हणजे पहिल्या तीस सेक्टरांपेक्षा अधिक दाट वस्तीचा. इथे १९७३ मध्ये सुरू झालेले सनातन धर्म महाविद्यालय आहे आणि १९९१ मध्ये स्थापन झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. या रुग्णालयाचा उल्लेख पुढे येणारच आहे.

थोडक्यात, वास्तुशिल्पकाराने शेजार आखून दिला. तो राबता ठेवायचा की दार लावून बसायचे, हे मात्र घरातल्या माणसांवरच राहिले.

शेजार जोडण्याचे निमित्त

नव्या गावात ओळखी वाढवायला वाढदिवसाइतके सोपे निमित्त दुसरे नाही. सत्यनारायणाला बोलावले तर परक्या प्रांतातली माणसे जरा बिचकतात. काय घालून जायचे, काय न्यायचे, पूजा कितीवेळ चालेल? "मुलाचा वाढदिवस आहे, या," एवढ्या वाक्याला मात्र कुठल्याही भाषेत खुलासा लागत नाही. शिवाय चंदीगडमध्ये आपण महाराष्ट्रातले आहोत असे सांगितले, की शेजारच्या शीख घरातल्या आजी पुष्कळदा लगेच म्हणतात, "अच्छा, हुजूर साहिबवाले!" आपल्याला जे नांदेड, ते त्यांना हुजूर साहिब. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला तो तिथे, आणि आयुष्यात एकदा तरी तिथे जाऊन यावे अशी अनेकांची इच्छा असते. नामदेवांचे नावही त्यांना नवे नसते. त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे ओळख निम्मी झालेलीच असते. उरलेली आपण करून घ्यायची.

अशा वेळी आपले औक्षण पाहायला शेजारणींना फार आवडते. पाटाभोवती रांगोळी, ताम्हनात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, कपाळावर कुंकू आणि अक्षता. काही घरांत अजूनही मार्कंडेयाचे स्मरण करून तीळ आणि गूळ घातलेले दूध मुलाला द्यायची पद्धत आहे. दीर्घायुष्य मागणारा हा साधा विधी, आणि त्याला खर्च म्हणाल तर वाटीभर दुधाचा.

आता इथे एक जुना वाद हमखास निघतो. आपल्याकडे शुभप्रसंगी दिवा लावतात, मग केकवरच्या मेणबत्त्या फुंकून विझवायच्या कशाला? केकवर मेणबत्त्या लावण्याची रीत अठराव्या शतकातल्या जर्मनीकडे बोट दाखवते. ज्या चालीवर आपण सगळे टाळ्या वाजवतो, ती अमेरिकेतल्या केंटकी राज्यात राहणाऱ्या हिल भगिनींच्या १८९३ सालच्या गीतपुस्तकातली. ते गाणे मुळात सकाळी वर्गात म्हणायचे होते, वाढदिवसाचे नव्हतेच. अशा पाहुण्या रिवाजाशी भांडत बसण्यात काय अर्थ? संध्याकाळी पाच वाजता औक्षण करावे, सहा वाजता केक कापावा. मुलाला दोन्ही हवे असते आणि त्याच्या दृष्टीने दोन्ही त्याचेच असते. तिथी आणि तारीख असे दोन वाढदिवस करणाऱ्या घरात तर हा प्रश्न आपोआपच सुटतो. तिथीला घरातल्यांपुरते गोडाचे जेवण, तारखेला मित्रमंडळी.

आपल्या रिवाजाला पंजाबी जोड कशी मिळते, याचे सुंदर उदाहरण जानेवारीत दिसते. तेरा तारखेला लोहडी, दुसऱ्या दिवशी आपली संक्रांत. ज्या घरात वर्षभरात बाळ जन्मले असेल किंवा नवी सून आली असेल, त्या घरची पहिली लोहडी धुमधडाक्यात होते. शेकोटीभोवती शेंगदाणे, रेवड्या आणि मक्याच्या लाह्या वाटतात. आणि आपण काय करतो? बाळाच्या पहिल्या संक्रांतीला काळे कपडे, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओतून बोरन्हाण. दोन्ही प्रांतांना एकाच आठवड्यात बाळाच्या नावाने खाऊ वाटावासा वाटला! चुरमुरे मिळाले नाहीत तर लोहडीच्या लाह्या चालतात, बोरांच्या जोडीला रेवड्या येतात. खाऊ वेचायला धावणाऱ्या मुलांना त्यातले मराठी कोणते नि पंजाबी कोणते, याच्याशी देणेघेणे नसते.

केळीवाल्याने मांडलेली पंगत

मुलाच्या वाढदिवसाला पाने किती मांडायची, या प्रश्नाचे चंदीगडमधले सर्वांत मोठे उत्तर एका केळीवाल्याने दिले. जगदीशलाल आहुजा त्यांचे नाव. जन्म पेशावरचा. १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा ते जेमतेम बारा वर्षांचे होते. निर्वासित म्हणून इकडे आल्यावर पोटासाठी रस्त्यावर किरकोळ खाऊ विकला, आणि विशीत चंदीगडला येऊन हातगाडीवर केळी विकायला सुरुवात केली. त्यातूनच त्यांचा जम बसला. केळ्यांचे मोठे व्यापारी म्हणून मंडीत त्यांचे नाव झाले.

१९८१ साली त्यांच्या मुलाचा आठवा वाढदिवस आला. पैसा हाताशी होता. हॉटेलात मेजवानी देता आली असती. त्यांनी सेक्टर २६ मधल्या मंडीत लंगर लावला आणि गरिबांच्या मुलांना पोटभर जेवू घातले. त्या मुलांचे चेहरे पाहून त्यांना आपले उपाशी बालपण आठवले, असे ते पुढे सांगत. एका दिवसापुरते ठरवलेले हे जेवण मग थांबलेच नाही. मंडीत ते सुरू राहिले आणि २००० सालाच्या सुमारास पीजीआयच्या दारात गेले. सेक्टर ३२ च्या रुग्णालयाबाहेरही त्यांची गाडी येऊ लागली. डाळ, भात, पोळी, हलवा आणि अर्थातच एक केळे. लहान मुलांसाठी बिस्किटे, गोळ्या आणि फुगे. जवळचे पैसे अपुरे पडू लागले तेव्हा त्यांनी मालमत्ता विकली. स्वतःला पोटाचा कर्करोग झाला तरी गाडी बंद ठेवली नाही. 'लंगर बाबा' हेच त्यांचे नाव होऊन बसले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ते गेले.

त्या अन्नाच्या गाडीत फुगे का असावेत, असा प्रश्न एखाद्याला पडेल. पण त्या गोष्टीचा आरंभ वाढदिवसातून झाला होता हे लक्षात घेतले, की फुगे तिथे शोभून दिसतात.

मालमत्ता विकून अन्नदान करणे हे कुणालाही जमणारे नाही, आणि संसारी माणसाकडून तशी अपेक्षाही कुणी करू नये. घेण्यासारखी आहे ती पंगत. हा शब्द पंजाबीतही 'पंगत'च आहे. लंगरात एका ओळीत बसून जेवणे म्हणजे पंगत. मात्र आपल्याकडच्या पंगतीचा इतिहास फारसा अभिमानाने सांगण्यासारखा नाही. कोण कुणाच्या शेजारी बसणार, कुणाला आधी वाढणार, कुणाला अंगणात बसवणार, हे पिढ्यानपिढ्या जातीवरून ठरत असे. लंगरातली पंगत मुळातच हे भेद मोडायला निघाली: राव असो वा रंक, बसायचे जमिनीवरच आणि वाढले जाणार तेच. आपल्या घरच्या वाढदिवसाला कामवाल्या बाईंची मुलगी येते तेव्हा तिला डिश हातात देऊन स्वयंपाकघरात पाठवतो, की बाकीच्या मुलांच्या ओळीत बसवतो? आठ वर्षांचे मूल आपल्या भाषणातून शिकत नाही. ते हे बघून शिकते.

बत्तीसच्या रुग्णालयाबाहेर

सेक्टर ३२ मध्ये राहणाऱ्यांना रुग्णालयाचा शेजार विसरता येत नाही. बाजारात भाजी घ्यायला निघालेल्या बाईला हातात एक्स-रेचे पाकीट घेतलेली माणसे रोज भेटतात. पंजाब, हरियाणा, हिमाचलच्या खेड्यांतून ती आलेली असतात. रुग्णाला निदान खाट मिळते. त्याच्याबरोबर आलेल्या आईला, भावाला मात्र दिवसच्या दिवस बाकावर किंवा झाडाखाली काढावे लागतात. औषधांना पैसे पुरवायचे म्हणून पहिली काटछाट होते ती स्वतःच्या जेवणात. लंगराची गाडी रुग्णालयाच्या दारात का उभी राहिली, याचे कारण हेच.

म्हणून वाढदिवसाच्या खर्चातला काही भाग असा वळवावा असे वाटले, तर ते जरूर करावे. पण उत्साहाच्या भरात काही चुका होतात, त्या टाळायला हव्यात. मे-जूनमध्ये चंदीगडचा पारा चाळिसाच्या वर जातो. अशा दिवसांत खीर, रसमलाई, दह्याची कोशिंबीर बाहेर वाटायला नेणे धोक्याचे. दुपारच्या उन्हात दुधाचा पदार्थ बघता बघता नासतो. वरण-भात, पोळी-भाजी, पुलाव हेच बरे, तेही ताजे आणि गरम असतानाच वाटून संपवावे. फळांत केळ्यासारखे सोयीचे दुसरे नाही. धुवायला नको, कापायला नको, साल काढले की हातात स्वच्छ घास. केळीवाल्याच्या जेवणातले ते शेवटचे केळे उगीच नव्हते.

वॉर्डात शिरून खाऊ वाटायचा विचार मात्र सोडून द्यावा. कुणाला मधुमेह असतो, कुणाचे ऑपरेशन उद्यावर आलेले असते आणि त्याला उपाशी ठेवलेले असते. आपण दिलेला पेढा तिथे घात करू शकतो. जे द्यायचे ते बाहेर बसलेल्या नातेवाइकांना, आणि आधी परवानगी घेऊन. शक्यतो फोटो काढू नयेत. जेवणासाठी हात पसरण्याची वेळ आलेल्या माणसाला आपल्या मुलाच्या वाढदिवसाचा देखावा म्हणून उभे करणे बरे दिसत नाही.

कधी कधी प्रसंग उलटाही येतो. आपल्याच ओळखीतल्या घरचे मूल रुग्णालयात असते आणि त्याचा वाढदिवस तिथेच येतो. तेव्हा काय करायचे? मेणबत्ती पेटवायची नाही, ही पहिली गोष्ट. आसपास ऑक्सिजन सुरू असतो. निरांजनाचेही तेच. औक्षण दिव्यावाचून नुसत्या कुंकवा-अक्षतांनी होते. कर्करोगाच्या उपचारांनी ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, अशा मुलाजवळ गर्दी करू नये; ताजी फुलेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नयेत. वर्गातल्या मुलांनी काढलेली चित्रे, आजीची फोनवरची हाक, नव्या गोष्टीच्या पुस्तकातली दोन पाने, एवढ्यावर तो दिवस साजरा होतो. आणि त्या मुलाच्या आईसाठी घरून डबा न्यायला विसरू नये. तिने सकाळपासून काही खाल्लेले नसण्याचीच शक्यता जास्त.

रुग्णालय जवळ नसलेल्या वाचकांना हे शाळेतही करता येईल. सरकारी शाळांतल्या माध्यान्ह भोजनात, ज्याला २०२१ पासून पीएम पोषण म्हणतात, गावातल्या कुणीही आपल्या घरच्या वाढदिवशी मुलांना एखादा जास्तीचा पदार्थ किंवा पूर्ण जेवण देण्याची सोय आहे. देशभर याला तिथी भोजन म्हणतात. महाराष्ट्रात त्याचे नाव स्नेहभोजन, पंजाबात प्रीती भोज, हिमाचलात धाम. मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठरवावे लागते, इतकेच. आणि जवळ गुरुद्वारा असेल तर पैशांऐवजी हातही देता येतात. डोक्यावर रुमाल बांधून दहा वर्षांच्या मुलाने तासभर पोळ्या लाटायला मदत केली, पाण्याचे पेले विसळले, तर त्या वाढदिवसाची आठवण महागड्या रिटर्न गिफ्टपेक्षा नक्कीच जास्त टिकेल. रिटर्न गिफ्टचा विषय निघालाच आहे म्हणून सांगायचे: येणाऱ्या प्रत्येक मुलाला पाचशेची वस्तू द्यायची, मग पुढच्या घराने सातशेची, या चढाओढीला कुठेतरी एका घराने खीळ घालावी लागते. रोपाची कुंडी किंवा एकत्र बसून केलेले कागदी आकाशकंदील दिले, तर कुठल्याही मुलाचे तोंड उतरत नाही. उतरलेच तर ते आयांचे!

एक जूनची गर्दी

मुलांच्या वाढदिवसांची इतकी चर्चा झाली, पण घरातल्या मोठ्यांचे काय? महाराष्ट्रातल्या मागच्या पिढीच्या कागदपत्रांवर नजर टाकली तर लाखो माणसे एक जूनलाच जन्मलेली दिसतील. मूल शाळेत आणून सोडले की गुरुजी अंदाजाने वय ठरवायचे आणि शाळा सुरू होण्याच्या बेताने एक जून ही तारीख टाकून द्यायचे. आजोबा निवृत्तही त्याच तारखेच्या हिशोबाने झाले. खरी तारीख विचारली तर म्हणतात, "पाऊस लागला होता, पंचमी चार दिवसांवर होती." आजीची तर शाळेतली तारीखही नसते.

नातवंडांकडे चार महिने राहायला चंदीगडला आलेल्या आजीचा दिवस त्या घरात ओसाड जातो. भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, दुपारी मुले शाळेत आणि मोठी माणसे कामावर. तिचा वाढदिवस शोधून काढणे हेच मुलांना सुट्टीतले काम द्यावे. पंचमी चार दिवसांवर, भाऊ दोन वर्षांनी मोठा, त्या साली विहिरीला पाणी लागले. एवढ्या खुणांवरून जुने पंचांग काढून तिथीपर्यंत पोचता येते. नाहीच सापडली तर तिने स्वतः एखादी तिथी निवडावी. मात्र त्या निमित्ताने दुपारभर बसून तिने सांगितलेल्या गोष्टी मुलांच्या वहीत उतरतील. अशी वही पुढे कितीही पैसे मोजून विकत मिळणार नाही. हिवाळ्यात गच्चीवर ऊन असते तेव्हा शेजारच्या पंजाबी आजींनाही बोलवावे. दोघींना एकमेकींची भाषा येत नसली तरी स्वेटरचे टाके कळतात.

आणि घरची बाई? नवऱ्याच्या वाढदिवसाला पुरणपोळी, मुलाच्या वाढदिवसाला पावभाजी, मुलीच्या वाढदिवसाला तिच्या आवडीचा केक. स्वतःच्या वाढदिवशी ती पुन्हा ओट्यापाशीच, कारण संध्याकाळी माणसे येणार असतात आणि "तुझ्या हातची बिर्याणीच हवी" असा प्रेमाचा हुकूम असतो. सगळ्यांची जेवणे होईपर्यंत साडेदहा वाजतात. मग ती उरलेला भात एका ताटलीत घेते आणि उभ्यानेच जेवते. बहुतेक घरांत कुणाच्या हे लक्षातही येत नाही, तिच्याही नाही.

हे बदलायला फार काही लागत नाही. त्या दिवशी औक्षण तिचे करावे, आणि ते मुलांनी करावे, मुलग्यांनीही. भाजी-पोळी नवऱ्याने केली तर उत्तम, जमत नसेल तर सेक्टरच्या बाजारातून आणली तरी चालेल. शेजारणींना कानावर घातले तर प्रत्येकीकडून एकेक भांडे येते: कुणाचे राजमा-चावल, कुणाची कढी, कुणाच्या मेथीच्या पोळ्या. तिच्या माहेरी ठरलेल्या वेळी फोन लावून ठेवावा, म्हणजे स्वयंपाकाच्या घाईत ती आईशी दोनच वाक्ये बोलून फोन ठेवणार नाही. आणि पाने मांडताना पहिले पान तिचे मांडावे, पाटासकट. ती बसेपर्यंत वरणाच्या पातेल्यावरचे झाकण काढायचे नाही.